सोजराबाईंचा बिनसिमचा टॅब

शिरूर-दौंड भागात सोजराबाईंनी तीस वर्षं सोयरिकी जमवल्या. पिशवीतले फोटो मोबाईलमध्ये गेले आणि लोकांना एकच खोड लागली, "मावशी, पोरीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाका." मग गेल्या महिन्यात यवतच्या पानटपरीवर चार टवाळ एका मुलीच्या फोटोवर खिदळताना त्यांना दिसले. फोटो सोजराबाईंनीच एका स्थळाला पाठवलेला होता. त्या दिवसापासून पाठवणं बंद.

म्हणून आज त्या केडगावच्या मोबाईलच्या दुकानात आल्या होत्या. दुकानदार पृथ्वीराज एकेक टॅब पुढं करत होता.

"ह्यात सिम बसतं, मावशी. एक बोट लावलं की फोटो जगभर जातो."

"मग ठेव तो आत. माझ्या पोरी जगभर जायाच्या न्हाईत. फोटो मोठा दिसावा, उन्हात दिसावा आन् माझ्या हातातच ऱ्हावा."

पृथ्वीराजनं कपाटाच्या तळातून धूळ खात पडलेला टॅब काढला. "ह्याला सिमच न्हाई. वायफाय नसलं तर फोटो कुठंच जात न्हाई. म्हणून कुणी घेईना."

सोजराबाईंनी पदराची गाठ सोडून मेमरी कार्ड काढलं, टॅबमध्ये घातलं आणि दारातल्या उन्हात धरून बघितलं. चेहरे स्वच्छ दिसत होते.

"हाच दे."

बिल करता करता पृथ्वीराज हळूच म्हणाला, "मावशी, मला चौतिसावं लागलं. नंबर देतो, चार फोटो टाका की."

सोजराबाईंनी टॅब उचलून त्याच्यावरच रोखला.

"सरळ उभा ऱ्हा. आधी तुझा फोटो पोरी बघतील. त्यांना पटलास, तर तुला बोलावीन."