चुन्याखालचा बाजार

"आधी भिंतीला इचारा, मग मला."

कोणी काम घेऊन आलं की पेंटरमामा एवढंच म्हणायचे आणि उजवा तळवा भिंतीवर टेकवून डोळे मिटायचे. वैद्य नाडी बघतो तसं. ओल आहे का, पोपडे सुटतील का, हे त्यांच्या हातालाच कळायचं. एकदा एका पुढाऱ्याच्या नव्याकोऱ्या बंगल्याला हात लावून ते म्हणाले, "न्हाई म्हणून राहिली," आणि ब्रशची पिशवी सायकलला अडकवून चालते झाले. वर्षाच्या आत त्या भिंतीचं प्लास्टर हातभर खाली आलं, तेव्हापासून गावात लोक घर बांधायच्या आधी मामांना चहाला बोलवायला लागले.

असा माणूस तुमच्याही गावात असेल. दुकानांच्या पाट्या, ट्रकांच्या मागची अक्षरं, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, सगळं एका हाताचं. आणि तो हात कोणाचा, हे कोणी विचारत नाही. मामांनी देवळावर श्लोक लिहिले, दर्ग्याच्या कमानीवर उर्दू लिहिलं. जयंतीच्या महिन्यात वस्तीतल्या बुद्धविहाराची कमान रंगवायला घेतली की मात्र दुसरं काम घ्यायचे नाहीत. उर्दू त्यांना वाचता येत नव्हतं. मी एकदा तसं म्हटलं तर म्हणाले, "वाचायचं काम वाचणाऱ्याचं. माझं काम अक्षर उभं करायचं. बराबर?"

मी नगरपालिकेत बांधकामाच्या टेबलावर कारकून. गावाचं नाव सांगत नाही. हिंगोली जिल्ह्यातलंच आहे, एवढं पुरे. पुढं जी चूक सांगणार आहे ती माझी आहे, त्यात गावाची कशाला बदनामी?

फ्लेक्स आला आणि मामांचं काम गेलं. एका दुपारी ते मला म्हणाले, "चला साहेब, माझ्या हाताचं काय काय उरलं ते दाखवतो." आम्ही गावभर फिरलो. एके काळी कळमनुरीपासून जवळा बाजार या गावापर्यंत त्यांच्या पाट्या होत्या. देऊळ, दर्गा, विहार, शाळा, सगळ्यांवर नवा रंग चढला होता; आता गावात एका शिंप्याची पाटी तेवढी शिल्लक होती, तिच्याही अर्ध्या भागावर मोबाईल कंपनीचा फ्लेक्स ठोकलेला. पुढं शिंप्यानं दुकान बदललं आणि ती पाटीही गेली. "चाळीस साल लिहिलं," ती गेली त्या दिवशी मामा म्हणाले, "अन् गावात माझं एक अक्षर न्हाई." हसत म्हणाले, पण मला त्या दिवशीचा चहा गोड लागला नाही.

म्हणून आमच्या नव्या मुख्याधिकारी मॅडमनी जेव्हा ठरवलं की गावातल्या कलाकारांची कामं चौकातच मांडायची, तेव्हा मी सगळ्यात आधी मामांकडे पळालो. शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी सिद्धेश्वर धरणाचं चित्र पत्र्यावर काढून दिलं, एका कॉलेजातल्या मुलीनं पक्षी काढले. ते पत्रे आम्ही बागेच्या जाळीला लावले. मामांना मात्र चौकातली पाण्याच्या टाकीजवळची लांब भिंत दिली. त्यांनी तळवा टेकवला, बराच वेळ. मग म्हणाले, "व्हय म्हणून राहिली."

आमच्या कागदावर पाण्यात कालवायचा रंग लिहिला होता. मामांनी तो डबा उघडूनसुद्धा पाहिला नाही. "हा रंग म्हंजे दोन दिसाचा पाहुणा," म्हणाले आणि घरातले जुने ऑईल पेंटचे डबे सायकलवरून आणायला लागले. मी नियम सांगून पाहिला. ते भिंतीशी बोलत राहिले.

चित्र काढलं ते आमच्या आठवडी बाजाराचं. त्यात माणसं खरी. मिरच्या विकणारी मावशी, चहावाले चाचा, पोती उचलणारा हमाल, बांगड्यांवाली, न्हावी. मग काय, रोज तक्रारी. मावशी येऊन म्हणाली, "माझी पाटी अर्धीच काहून काढली? मी काय एवढुशा मिरच्या घेऊन बसते व्हय?" मामांनी निमूट पाटी शिगोशिग भरली. न्हाव्याला आपलं पोट कमी करून हवं होतं. त्याला म्हणाले, "ते तुमच्या हाती, माझ्या न्हाई." शेवटी खालच्या कोपऱ्यात त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. उभ्या जन्मात पहिल्यांदा. लिहून झाल्यावर मागं सरून पाहिलं आणि ब्रश पुसून पिशवीत ठेवला.

त्यानंतर मामा मोतीबिंदू काढायला नांदेडला गेले आणि तिथून जवळा बाजारला मुलीकडे विश्रांतीला.

इकडे एका मंत्र्यांचा दौरा ठरला. दौरा म्हटलं की चुना आलाच. ठेकेदाराला पत्र मीच लिहिलं: 'चौकातील सर्व भिंतींची रंगरंगोटी तातडीने करावी.' सरकारी कचेरीत 'सर्व' या शब्दावर आमचा फार जीव. सर्व लिहिलं की काही राहिलं म्हणून कोणी बोट दाखवत नाही. चित्राची भिंत सोडून, हे माझ्या मनात होतं. पण पत्रात तेच जातं जे लिहिलंय, मनातलं जात नाही. बाजाराच्या आदल्या दिवशी सकाळी मी चौकात आलो तर ती लांब भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरीशुभ्र.

लोकांना चुना लावणारे पुष्कळ पाहिलेत मी. मामांना तो मी लावला होता, तोही सरकारी शिक्क्यासकट. मी टाकीच्या कठड्यावर बसून राहिलो. तेवढ्यात फोन आला.

"साहेब, उद्या येऊन राहिलो. डाक्टरनं सांगितलं, आता लांबचं साफ दिसंल. पयले भिंत पाहतो, मग घरी."

मी "या" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? माणसाला नवा डोळा मिळाला होता आणि त्याचं या गावात होतं नव्हतं ते सगळं मी पुसून बसलो होतो. मला रडू आलं, हे सांगायला आता लाज वाटत नाही.

चाचांचं चहाचं दुकान भिंतीला लागूनच. गिलास विसळलेलं पाणी भिंतीच्या बुडाशी फेकायची त्यांची जुनी खोड. त्यावरून मी त्यांना दोनदा नोटीस दिली होती. त्या दिवशीही त्यांनी पाणी फेकलं आणि मला हाक मारली. "साब, इधर आओ. ये तो उतर रा."

पाण्याचा ओघळ गेला होता तिथं चुना सुटून खाली आला होता आणि आत मिरचीचा लालभडक रंग दिसत होता. ऑईल पेंटवर चुना बसतच नाही, हे मामांना माहीत होतं, मला नव्हतं, आणि सुदैवानं ठेकेदारालाही नव्हतं. मी हातातल्या रुमालानंच घासलं. पाटी दिसली, मग मावशीचा हात.

बातमी चौकभर झाली. मावशी घरून चिंचेचं पाणी घेऊन आली. "पितळ लख्ख निघतं याच्यानं, चुना काय चीज हाय," म्हणाली आणि पदर खोचून स्वतःचंच तोंड घासायला लागली. हमालानं स्वतःची पाठ धुतली. न्हाव्यानं दुकान बंद ठेवून आपलं पोट धुतलं, आणि तेवढ्यातही मला विचारलं, "आता थोडं कमी न्हाई का होणार?" ज्याचं तोंड त्यानं धुवायचं, असं आपोआपच ठरलं. खालच्या कोपऱ्यातल्या नावाला मात्र मी कोणाला हात लावू दिला नाही. ते मी धुतलं. दुपार कलायच्या आत सगळा बाजार परत उघडा झाला होता.

दुसऱ्या दिवशी मामा आले. काळा चष्मा, पांढरा सदरा. भर बाजारात भिंतीसमोर उभे राहिले आणि चष्मा काढून एक एक माणूस बघत पुढं सरकले.

"लई उजळ दिसून राहिलं," म्हणाले. "डोळ्याची करामत म्हणायची."

मी हो म्हटलं असतं तर भागलं असतं. मावशी मला डोळ्यांनी गप्प राहायला खुणावत होती. पण मला राहवलं नाही. 'सर्व' या शब्दापासून चिंचेच्या पाण्यापर्यंत सगळं सांगितलं. मान खाली घालूनच.

मामांनी भिंतीवर तळवा टेकवला. नखानं एका फटीतला पांढरा कण काढला, बोटांवर चोळला. "व्हय, मघाशीच पाहिलं मी," म्हणाले. "वाटलं, साहेब सांगतेत का न्हाई, पाहू." मग हसले. "भिंत शाबूत हाय ना? बस. कागदावर चुकता तुमी, माझ्या पाट्यायवर काय कमी चुका हायेत? हजारदा टरपेंटाईननं पुसल्या."

मग त्यांनी मला मावशीच्या पाटीशेजारची मोकळी जागा दाखवली. "इथं कोणी न्हाई. उभे ऱ्हा जरा." पुढच्या चार दिवसांत बादली आणि फडकं घेतलेला एक कारकून त्या बाजारात आला. मी म्हटलं, "मामा, स्वतःलाही काढा ना." ते म्हणाले, "काढणारा भिंतीच्या अल्याड असतो, साहेब."

मागच्या थंडीत मामा गेले. जवळा बाजारला, मुलीच्या घरी, झोपेत. फोन आल्यावर मी जाण्यासाठी निघालो, पण पाय आधी चौकात वळले. चित्रातली माणसं आपापल्या कामात आहेत. मावशी मिरच्या तोलते, चाचा गिलास धरतात, न्हावी कोणाच्या तरी हनुवटीला हात लावून बसलाय. बादलीवाला कारकून तेवढा समोर बघतोय, कारण मी तेव्हा चित्र काढणाऱ्या मामांकडेच बघत होतो. तो बघतो त्या जागेवर आता बाजारच्या दिवशी एक केळीवाला गाडा लावतो. मी तिथं थोडा वेळ उभा राहिलो आणि मग जवळा बाजारची बस धरली.