वंदना कोणी घ्यायची

गिरजामावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या कार्यालयात दाखल्यांची यादी करत होते. तिची सून प्रमिला एवढंच म्हणाली, "कुंदाताई, आई गेल्या." मी यादी पुरी केली, सही केली आणि मग उठले. या गोष्टीला पाच आठवडे झाले. रडू अजून आलेलं नाही. राग मात्र आला आहे, आणि तो आधी माझ्यावर आहे.

मावशी आमच्याच वस्तीतली, दिग्रसच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होती. तिच्या सासऱ्यांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. आमच्या वस्तीतल्या विहाराची रीत तिनेच लावली होती: रविवारची वंदना दर आठवड्याला एका घराने घ्यायची. त्या घरातल्या कोणीही... सुनेने, म्हाताऱ्याने, दहावी नापास झालेल्या पोरीने. समोरची जागा कोणाचीच कायमची नव्हती. मी नवी सून असताना आमच्या घराची पाळी आली आणि मी म्हटलं, मला पूर्ण पाठ नाही. ती म्हणाली, "मले तरी कुठं होतं? बस समोर. मधात कोणी नको, म्हणून त आपण तिकडून निघालो." पुढे त्या पाळ्यांचा तक्ता मीच ठेवू लागले. बावीस घरं, एकदाही चूक नाही.

चूक दुसरीकडे झाली. तक्ते ठेवणाऱ्या माणसाला कागद पुरे असावेत असं वाटतं. चार वर्षांपूर्वी एका जिल्हा समितीचा फॉर्म आला, विहार संलग्न करून घ्या म्हणून. मी विहाराची सचिव. कोणाला न विचारता भरला, झेरॉक्स जोडल्या, पोच घेतली. मावशीने विचारलं, "काहून? आपल्याले काय कमी पडून राह्यलं होतं?" मी म्हटलं, नोंद असलेली बरी. वर्षभरात पत्र आलं: वंदना आणि सर्व विधी समितीचं प्रशिक्षण घेतलेल्या आचार्यांनीच घ्यावेत. पत्रात 'शिस्त' हा शब्द तीनदा होता. पहिल्याच रविवारी मावशीच्या घराची पाळी होती. समितीने पाठवलेल्या आचार्यांनी तिला मागे बसायला सांगितलं, तेही हात जोडून. ती मागे जाऊन बसली. त्यानंतर तीन वर्षं ती दर रविवारी मागेच बसली आणि मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

विहाराला लागून रफीकभाईंचं गॅरेज आहे. ते एकदा मला सरळच म्हणाले, "बाई, आमच्या मशिदीत इमाम मोहल्लाच ठेवते, नाही जमलं त मोहल्लाच बदलते. तुमच्यात त तेवढंबी नव्हतं. मंग काहून आणून बसवला?" वणीला माझी एक ख्रिस्ती मैत्रीण आहे, त्यांचे फादर वरून बदलीवर येतात आणि बदलीवर जातात. ती त्यांची रीत, त्यांनी समजून स्वीकारलेली. आम्ही मात्र वरचा माणूस सोडून आलो होतो, आणि मी तो शिक्क्यासकट परत आणला. ज्या बाईने बावीस घरांना समोर बसायला शिकवलं, तिला प्रमाणपत्र नाही म्हणून मागे बसवणारा नियम कोणत्या धम्मातला? मला कोणीतरी सांगावं.

मावशीने प्रमिलाला सांगून ठेवलं होतं की मी गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या विधीला समोर घरचंच कोणी बसू दे. त्या दिवशी आचार्य वेळेवर आले आणि समोर बसायला निघाले. प्रमिलाने सासूची इच्छा सांगितली. ते तिच्याशी बोललेच नाहीत, माझ्याकडे वळून म्हणाले, "सचिवबाई, नियम तुम्हाला माहीत आहेत."

माहीत होते. खाली सही माझीच होती. मी म्हटलं, "ती सही मी परत घेते. पत्र उद्या पोचेल. आज तुम्ही आमचे पाहुणे, बसा." ते बसले, पण सगळ्यांच्या मागे.

प्रमिला समोर बसली. त्रिसरण नीट झालं, पंचशीलात तिसऱ्या शीलाला ती अडली. आचार्य पुढचे शब्द सांगायला लागले, तर शेजारच्या म्हातारीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मावशीच्या काळात अडलेल्याला कोणी शब्द पुरवत नसे. मावशी स्वतः डोळे मिटून थांबायची आणि सगळं विहार तिच्यासोबत थांबायचं. त्या दिवशीही सगळे तसेच थांबले. बाहेर रफीकभाईंनी चालू गाडी बंद केली.

मग प्रमिलाला आठवलं.