पाटील घोड्याचे यादवराव

भांडण वाळल्या गवताच्या थप्पीपलीकडे चाललं होतं आणि मीराबाई थप्पीच्या अलीकडे उभ्या होत्या. नात एकता घोड्यावरून उतरेपर्यंत त्यांना दुसरा उद्योग नव्हता. इंग्रजी भांडण कळत नसलं तरी त्यात वेळ बरा जातो.

"वन हँड, यादव. हाऊ मेनी टाइम्स?" मिस क्वेक म्हणत होती. ही तबेल्यात शिकवणारी चिनी बाई, अमेरिकेत चार वर्षं राहून तिकडच्या गुराख्यांची घोडेस्वारी शिकून आलेली. समोरचा मोतद्दार तोंडानं "येस मॅडम" म्हणत होता आणि मान त्याची नाही म्हणत होती. शेवटी बाईनं हातातलं जाडजूड पुस्तक त्याच्या छातीला लावलं, एक बोट पुस्तकावर आपटलं आणि मग तेच बोट फाटकाकडे दाखवलं. नियमाप्रमाणे वाग, नाहीतर वाट धर. एवढं मीराबाईंनाही समजलं. कामावरून काढायची भाषा सगळ्या मुलखात सारखीच.

ती गेल्यावर मोतद्दार घोड्याला म्हणाला, "एका हातात लगाम धरायला मी काय वरातीतला नवरा हाय व्हय रं? मग दुसऱ्या हातात कट्यार तरी द्या म्हणावं."

मीराबाईंना सिंगापुरात येऊन वर्ष झालं होतं, आणि घराबाहेर इतकं चोख मराठी त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. त्यांना हसू आवरेना. तो दचकून थप्पीमागे आला. गाव विचारून झालं, आडनाव विचारून झालं, मग दोघांनी एकदमच "जय भीम" केला, आणि त्या दिवसापासून यादवराव त्यांना मावशी म्हणायला लागले.

यादवरावांचं सगळं आयुष्य घोड्यांच्या पायाशी गेलं. बाप मिरज स्टेशनवर टांगा हाकायचा. रिक्षा आल्या, टांगा गेला, आणि बाराव्या वर्षी यादवला चुलत्यानं पुण्याच्या रेसकोर्सवर लीद उचलायला नेलं. तिथून पुढं लीद, खरारा, चंदी, पाणी, हाच दिनक्रम. शर्यती जिंकलेले घोडे त्यांच्या हातून न्हाऊन गेले, पण फोटोत यादवराव शोधायचे तर लगाम धरलेला हात तेवढा सापडायचा. एका लाथेत तीन बरगड्या मोडल्या होत्या. त्याबद्दल विचारलं की म्हणायचे, "चूक माझी. त्याला न सांगता मागनं गेलो." पुढे कुणा मालकाच्या घोड्याबरोबर विमानात बसून सिंगापूरला आले. मालक गेला, घोडा गेला, हे राहिले. बायको मिरजेत, मुलगी नर्सिंगला. इथे त्यांचं म्हणावं असं काय, तर एक वर्क पास, तबेल्यामागची खोली आणि पाटील.

पाटील म्हणजे ऑस्ट्रेलियातून आणलेला तांबडा घोडा. कागदावर त्याचं नाव दीड ओळीचं होतं. यादवरावांनी ते एकदा ऐकलं आणि सोडून दिलं. कुणाकडे न बघता छाती काढून चालतो, म्हणून पाटील. एकता त्याच्यावरच शिकत होती.

मीराबाईंचं मग रोजचंच झालं. मुलगा समीर आणि सून ऑफिसला, चांगी बिझनेस पार्कला, निघाले, एकता शाळेत गेली, की त्या बेडोकच्या फ्लॅटला कुलूप लावून बस पकडायच्या. पिशवीत थर्मास, थर्मासात आलं घातलेला चहा. हॉकर सेंटरच्या टपऱ्यांवरचा चहा यादवरावांना पटत नसे. "दुधाच्या डब्याला चहाची गोष्ट सांगितल्यागत लागतो," म्हणायचे. अर्धा कप स्वतः प्यायचे आणि उरलेल्यात पावाचा तुकडा बुडवून पाटलाला द्यायचे. पाटील कप चाटूनपुसून परत करायचा. बापाचा टांग्याचा घोडाही असाच चहा पीत पीत म्हातारा झाला होता.

२०१५ साली त्या अमेरिकी तऱ्हेच्या घोडेस्वारीचा शो ठरला. मुलांच्या गटात एकता पाटलाला घेऊन उतरणार होती. मिस क्वेकनं आधीच सांगून टाकलं, घोडा ज्याच्या ताब्यात, त्यानं पुस्तकातले नियम पुरते समजून घ्यायचे आणि फॉर्मवर सही करायची. काही चुकलं तर जबाबदार तोच, आणि मग तिला त्याला ठेवता येणार नाही. यादवरावांना इंग्रजीचा गंध नव्हता. मीराबाई स्वतः चौथी शिकलेल्या, पण वडिलांनी त्यांच्याकडून एक गोष्ट घोकून घेतली होती, की न वाचता कागदावर अंगठा उठवायचा नाही. त्यांनी वही आणली. शाळा सुटल्यावर एकता पुस्तक वाचून तिच्या मोडक्या मराठीत सांगायची आणि उलट्या बादलीवर बसून मीराबाई लिहून घ्यायच्या.

लगाम एकाच हातात. एकदा धरला की हात बदलायचा नाही. दुसरा हात मोकळा, शोभेपुरता. खोगिराच्या पुढच्या खुंटीला भीती वाटली तरी हात लावायचा नाही, गुण जातात. ठरलेली आकृती चुकली की शून्य, मग घोडा कितीही देखणा असो. घोडा लंगडताना दिसला तर पंच त्याला घरी पाठवतील, त्यावर हुज्जत नको.

"ह्यो बेस नियम हाय," यादवराव म्हणाले. "माणसांनाबी लावा म्हणावं."

"तुम्ही लंगडायला लागलात की तुम्हालाही पाठवतील."

"मी आत्ताच लंगडतोय मावशी. पाटलाच्या बाजूनं चालतो म्हणून कुणाला दिसत न्हाई."

अठ्ठावीस पानं लिहून झाली, तेव्हा पुस्तकात बारीक टायपाचं एक पान आलं. दोन्ही बाजूंनी नुसती नावं, एकाखाली एक, जिभेला गाठ पडेल अशी. एकतानं चार वाचली आणि कंटाळून, शेवटी सिंगापुरी 'लाह' लावत म्हणाली, "आज्जी, ऑल मेडिसिन नेम्स, लाह. घोड्याला काय काय द्यायचं नाही ते."

"आपण कुठं त्याला औषध देतो?" मीराबाईंनी चष्मा काढून पुसला. बसची वेळ होत आली होती. "सोड ते. पुढचं वाच."

पुढचं रिकिबीबद्दल होतं, ते त्यांनी व्यवस्थित उतरवून घेतलं.

फॉर्म आला तेव्हा यादवरावांनी विचारलं, "मावशी, समदं बघितलं न्हवं?"

"सगळं वाचलंय. करा सही."

त्यांनी मराठीत सही केली, हळूहळू, एकेका अक्षराला नाल ठोकल्यासारखी.

शो दोन दिवसांचा होता. एकताची पाळी होती त्या सकाळी सवयीप्रमाणे चहा झाला. पाटील शहाण्यासारखा वागला, एकताचा मोकळा हात मोकळाच राहिला आणि तिसऱ्या नंबरची पिवळी फीत मिळाली. मग एक डॉक्टर लांब दांडीला लावलेलं भांडं घेऊन आला. काही घोड्यांची लघवी तपासायची होती आणि त्यात पाटलाचं नाव निघालं होतं. डॉक्टर तासभर भांडं धरून उभा, आणि पाटील आपला आभाळ बघतोय. शेवटी यादवरावांनाच डॉक्टरची दया आली. त्यांनी जवळ जाऊन बारीक शीळ घातली. त्या शिळेला पाटील कधी नाही म्हणत नसे. डॉक्टरनं भांडं भरून घेतलं आणि यादवरावांना मनापासून थँक यू म्हटलं.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. पाटलाच्या लघवीत कॅफीन सापडलं होतं.

"ते काय असतं?" मीराबाईंनी विचारलं.

एकता पत्राकडेच बघत राहिली. "चहात असतं, आज्जी."

मिस क्वेकनं विचारलं तेव्हा यादवरावांनी काहीच लपवलं नाही. मीच देतो, रोज देतो, म्हणाले. त्यांना अजूनही वाटत होतं की खरं सांगितलं की मिटेल. फीत परत गेली. पाटलाला तीन महिने शोबंदी झाली. एकता म्हणाली, फीत गेली तर गेली, तिला त्याचं काही नाही. पण ज्यांचे घोडे तबेल्यात होते ते मालक एकत्र बसले, आणि घोड्याला वाटेल ते खाऊ घालणारा माणूस त्यांना नको होता. महिनाअखेरीला यादवरावांचा पास रद्द करून त्यांना परत पाठवायचं ठरलं.

समीरनं मालकांना चांगलं दोन पानी पत्र लिहिलं. उत्तर दोन ओळींचं आलं, फार नम्र. "आई, आता यात आपल्या हातात काही नाही," तो म्हणाला. ऑफिसात मोठमोठी माणसं त्याचं ऐकायची, हे मीराबाईंना माहीत होतं, म्हणून त्या जास्तच घाबरल्या.

वही छातीशी धरून त्या मिस क्वेकसमोर जाऊन उभ्या राहिल्या, एकताला मध्ये घालून. "हिला सांग, पान मी गाळलं. सही करा म्हणून मीच सांगितलं. चहासुद्धा माझ्या घरचा. काय शिक्षा द्यायची ती मला दे म्हणावं."

मिस क्वेकनं वही उघडली आणि न कळणाऱ्या अक्षरांवरून बोट फिरवत सगळी पानं उलटली. मालकांपुढे ती यादवरावांच्या बाजूनं भांडली होती आणि हरली होती, हे मागाहून कळलं. ती बराच वेळ इंग्रजीत बोलली. एकतानं त्याचं थोडक्यात केलं. "आज्जी, कोणाला माहीत होतं, कोणाला नव्हतं, ते बघत नाहीत. सही ज्याची, तो." मग खाली बघत म्हणाली, "हे पण त्याच पेजवर होतं. एंडला."

यादवराव दोन दिवस मान खाली घालून कामं करत राहिले. मीराबाई येऊन बादलीवर बसायच्या आणि तशाच उठून जायच्या. तिसऱ्या दिवशी पाटलाला खरारा करता करता ते म्हणाले, "चौथी पास माणसाच्या भरवशावर राहिलो. माझीच अक्कल."

"बोला. अजून बोला. पोटात ठेवू नका."

"बोलून काय हुतंय? आन् वाचलं असतं तरी त्या नावाचा चहा आपण कुठं पितो?" खराऱ्यात अडकलेले केस त्यांनी झटकले. "मावशी, ह्यो उजव्या बाजूनं कुणाला चढू देत न्हाई. पाणी पाजायच्या आधी चंदी दिली तर पोट धरतंय. नव्या माणसाला हे कोण सांगनार? घ्या लिहून. आन् ह्या खेपेला पान गाळू नका."

मीराबाईंनी अकरा पानं लिहून घेतली. एकतानं त्याचं इंग्रजी केलं. नवा माणूस कोण, कधी येणार, हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं.

शनिवारी दुपारचं विमान होतं. मीराबाई सकाळी आठला तबेल्यात पोचल्या तर खोलीच्या दाराशी दोरीनं आवळलेली बॅग होती आणि यादवरावांचा पत्ता नव्हता. तेवढ्यात फाटकातून सायकल आली, मागच्या कॅरियरवर गाजरांचं पोतं. दर शनिवारी ते बाजारातल्या भाजीवाल्याकडून वेडीवाकडी गाजरं आणायचे, तशीच आजही आणली होती.

"आज दोन सडकी घातली म्हाताऱ्यानं," ते म्हणाले. "तोंडावर सांगितलं त्याला."

मग खाली बसून त्यांनी गाजरं उभी चिरली. गोल चकत्या घोड्याच्या घशात अडकतात. नऊ घोड्यांच्या नऊ बादल्यांत वाटा घातला, पाटलाच्या बादलीत इतरांइतकाच. देठं झाडून कचऱ्यात टाकली, सुरी धुतली आणि फडताळातल्या तिच्या जागी ठेवली.