मशीन घ्यायच्या आधी राणीसावरगाव

प्रिय मीरा आणि ईशान,

आमच्या दवाखान्याची स्मरणिका निघणार आहे. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो. तिच्यात एमआरआय मशीनवर एक लेख असेल आणि तो अप्पांच्या नावाने छापला जाईल. अप्पा म्हणजे आमच्या धर्मादाय दवाखान्याचे अध्यक्ष. परभणीतले कापडाचे व्यापारी, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, मनाने सज्जन. त्यांच्या लेखात राणीसावरगाव या खेड्याचं नाव नसणार. स्मरणिका एकदा छापून आली की तोच इतिहास होतो, म्हणून त्याआधी तुम्हा दोघांना लिहून ठेवते.

मी खरेदी समितीवर आहे, कारण मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं आणि मशीनला दुसरी भाषा कळत नाही अशी समितीची समजूत आहे. मशीन घेण्याआधी आपल्याला नेमकं काय हवंय ते लिहून काढायचं असतं. त्या कागदाला मागणीपत्रक म्हणतात. आमचं मागणीपत्रक तयारच होतं. अप्पांच्या व्याह्यांच्या ओळखीने ते मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यातून आलं होतं आणि वरचं नाव तेवढं बदललं होतं. माझ्याकडे स्वल्पविराम तपासायचं काम होतं.

मी वाचायला बसले. एका कलमात समुद्राच्या खाऱ्या हवेपासून मशीनचं रक्षण कसं करावं ते लिहिलं होतं. परभणीला कोणता समुद्र, असं मी अप्पांना विचारलं. त्यांनी खरोखर विचार केला आणि म्हणाले, "राहू द्या मॅडम. असलेलं बरं."

पुढच्या कलमात मशीन लिफ्टने दुसऱ्या तळघरात उतरवायचं होतं. आमच्याकडे तळमजला आहे आणि गच्चीवर जायला जिना. खाली काळी माती. उन्हाळ्यात आमच्या कुंपणाच्या भिंतीला अशी भेग पडते की तिच्यात माझी छत्री उभी राहते. त्या मातीवर काही हत्तींच्या वजनाचा लोहचुंबक ठेवायचा बेत होता. मी स्वल्पविराम दिला आणि पुढे गेले.

सगळ्या कागदांत आमचं असं एकच पान होतं, गावांच्या पाहणीचं. मार्गशीर्षात कोणीतरी मोटारसायकलवर फिरून ते भरून आणलं होतं. राणीसावरगावपुढे लिहिलं होतं: 'हाडांच्या तक्रारी नाहीत. एक्स-रेची गरज नाही.' सगळ्याच गावांपुढे थोड्याफार फरकाने तेच होतं. त्यावरून ठरलं की जुनी एक्स-रेची खोली पाडायची आणि तिथे एमआरआय बसवायचं.

माझ्या दोन्ही गुडघ्यांची अवस्था तुम्हाला ठाऊक आहे. ज्या गावात कोणाचंच हाड दुखत नाही, ते गाव मरण्यापूर्वी एकदा बघावं असं मला फार वाटलं.

अप्पांची गाडी मिळणार नव्हती. समितीचे तीन सभासद तीत बसून पुण्याला मशीन बघायला गेले होते. मुलगी बघायला जातात तसे, पोहे खाऊन यायला. मग मी सत्तारभाईंना घेऊन चैत्रातल्या एका सकाळी एसटीने निघाले. सत्तारभाई आमचे एक्स-रे काढणारे. पिंगळीहून रोज रेल्वेने येतात. जुन्या मशीनचा एक भाग गेला होता, आणि नवीन येणारच आहे तर जुन्यावर खर्च कशाला, म्हणून खोलीला कुलूप होतं. सत्तारभाई रोज वेळेवर येऊन त्या कुलपाशेजारी बसत.

गंगाखेडच्या पुलावरून गोदावरी दिसली. पाणी एका कडेला आणि वाळू उरलेल्या सगळ्या पात्रात. स्टँडवर चहा घेतला, डब्यातले धपाटे (ज्वारीच्या पिठाची तिखट थापलेली भाकरी) सत्तारभाईंबरोबर वाटून खाल्ले. त्यांनी त्यांच्या डब्यातली लसणाची चटणी दिली आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा अदबीने दुसरीकडे पाहिलं. पुढे जीप. चालकाने मला मानाची पुढची जागा दिली आणि लगेच माझ्या मांडीवर कोणाचं तरी करडू ठेवलं. उतरताना चपलेचा पट्टा तुटला. अशा रीतीने अभ्यासदौऱ्यावरची मॅडम एक पाय ओढत राणीसावरगावात शिरली.

देवळाच्या ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, त्यांना नामदेवमामा म्हणत. मी चपलेची गोष्ट बाजूला ठेवून पाहणीचं पान काढलं आणि वाचून दाखवलं. मामांनी शांतपणे ऐकलं.

"बरोबर हाय की," ते म्हणाले. "तवा आला व्हता एक जण. मला इचारलं हाड मोडलं का, मी म्हन्लं न्हाई. ह्या शेजारच्या म्हातारीला इचारलं, तिचं बी न्हाई. गावात दुसरं कोन व्हतं? आमी म्हातारे अन् कुत्री."

"बाकीचे?"

"उसाला. दिवाळी झाली की कोयते जात्यात, पाडव्याच्या आसपास येत्यात. मोडलेले आता आलेत बघा. आता इचारा."

कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही. नवरा-बायकोच्या जोडीलाही इकडे कोयताच म्हणतात. तोडायला एक आणि मोळ्या बांधून वाहायला एक. ऊसतोडीची टोळी नेणारा मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. आमच्या पाहणीने मोडणारी हाडं गावाबाहेर गेल्यावर गाव तपासलं होतं आणि निरोगी ठरवलं होतं. स्वल्पविराम मात्र सगळे जागच्या जागी.

मामांनी मला त्यांच्या पुतणीकडे, गयाकडे नेलं. तिशीची बाई. डाव्या हाताने भाकरी थापत होती. उजवा मनगटापाशी वाकडा, बाहेरच्या बाजूला वळलेला. डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढताना ती घसरली होती. तिकडे कोणीतरी बांबूच्या कामट्या लावून फडकं बांधलं. सुटी म्हणाल तर फडकं बांधेपर्यंत.

तिने मला बसायला पोतं अंथरलं, चपलेचा पट्टा दाभणाने शिवून द्यायला नवऱ्याकडे दिला, आणि मग तिचं लक्ष सत्तारभाईंकडे गेलं.

"तुमी परभनीच्या दवाखान्यातले ना? मी आल्ते की, तिकडनं परतल्या-परतल्या, फाल्गुनाच्या शेवटी. तुमीच म्हन्लात, नवी मिशीन आल्यावर या." मग तिने अगदी साधेपणाने विचारलं, "आली का?"

सत्तारभाईंनी टोपी काढली, पुन्हा घातली. "न्हाई आली, बहन," एवढंच म्हणाले.

नवरा दाभण चालवत खाली मान घालून बोलला की मुकादम येऊन गेला. हात सरळ झाला नाही तर दसऱ्याला आगाऊ पैसे देताना आपला कोयता धरणार नाही म्हणतो. दीड माणसाचा कोयता होत नाही. गया हसली. "मी म्हन्लं, मग ह्याला अर्धी बायको बघा." कोणी हसलं नाही, तेव्हा तीही भाकरीकडे वळली.

जेवल्याशिवाय तिने सोडलं नाही. पिठलं, भाकरी, ठेचा. मी इतकी चविष्ट आणि इतकी शरम वाटायला लावणारी भाकरी पूर्वी खाल्ली नव्हती. परतीच्या एसटीत सत्तारभाईंनी दोघांची तिकिटं काढली. पूल ओलांडल्यावर म्हणाले, "मॅडम, मला जे सांगायला सांगितलं, ते मी सांगितलं." मी म्हटलं, मीसुद्धा स्वल्पविरामच देत होते.

बैठक पुढच्या सोमवारी झाली. पुण्याहून आलेले सभासद मशीनच्या रंगाविषयी भरभरून बोलले. चुंबकाची ताकद किती हवी, हे अप्पांनी विचारलं. सगळ्यात जास्त, असं एकमताने ठरत होतं. मी उठून विचारलं की गयाचं मनगट कोणत्या कलमात बसतं. मग गावाची सगळी हकीकत सांगितली, आणि आणलेलं एक पान वाचलं, मराठीत. आपल्याकडे कोण येतं, वर्षाच्या कोणत्या महिन्यांत येतं, शरीराचा कोणता भाग घेऊन येतं, आणि परतीची शेवटची एसटी किती वाजता सुटते. ह्यांची उत्तरं लिहा, मशीनचं नाव त्याखाली आपोआप लिहिलं जाईल.

एक सभासद म्हणाले की हे पान फार साधं आहे. अप्पांनी ते पान माझ्याकडून घेऊन पुन्हा वाचलं. शेवटी म्हणाले, "मॅडम, त्या बाईला आपल्या दारातून परत पाठवलं?"

"हो."

"मग आधी ते कुलूप काढा."

एमआरआय रद्द झालं असं समजू नका. ते विचाराधीन आहे, म्हणजे सुखात आहे. जुन्या मशीनचा भाग मात्र आणला, कारण त्याला उद्घाटन लागत नव्हतं. गयाचा पहिला एक्स-रे सत्तारभाईंनी काढला आणि त्या दिवशी आपली पिंगळीची रेल्वे चुकवून तिला एसटीत बसवून दिलं. हाड वाकडं जुळलं होतं. डॉक्टरांनी ते पुन्हा मोडून सरळ बसवलं. प्लास्टर निघाल्यावर ती मूठ वळवून दाखवायला माझ्या घरी आली. मूठ पूर्ण मिटत नाही, पण दोर आवळता येतो. मुकादमाने त्यांचा कोयता धरला. ज्या फळीवरून ती पडली तशाच फळीवर पुन्हा चढण्यासाठी आम्ही तिचा हात दुरुस्त केला, हेही स्मरणिकेत यायचं नाही.

चपलेचा तो टाका अजून टिकून आहे. खाऱ्या हवेचं कलम मागणीपत्रकात आहे. अप्पा म्हणतात, असलेलं बरं. जुनं मशीन चालू आहे आणि खोलीला कुलूप नाही.