बाळ झाल्याची वही

"सिस्टर, एवढी शून्यं कसली?"

"तुम्हीच विचारलंय, दर वर्षी किती बाप्तिस्मे. झालेच नाहीत, तर मी काय लिहू?"

फॉर्म माझाच होता.

आमच्या संस्थेच्या ख्रिस्ती शाळांचे दहा वर्षांचे प्लॅन करणं हे माझं काम. नाव मोठं, लाँग रेंज प्लॅनिंग. मुळात प्रश्न एकच: पुढे पहिलीच्या वर्गात किती मुलं बसतील? याला आम्ही एन्रोलमेंट प्रोजेक्शन म्हणायचो. आज जन्मलेलं मूल सहा वर्षांनी पहिलीत येणार, म्हणून आजचे जन्म मोजायचे. शाळा ख्रिस्ती, तेव्हा मी शहाणीने चर्चमधली बाप्तिस्म्यांची नोंद मागवली. मुंबईच्या ऑफिसात बसलं की सगळं सोपं वाटतं.

दिघीजवळच्या या शाळेतून जवळजवळ नुसती शून्यं आली. गावातली ख्रिस्ती घरं केव्हाच मुंबईला गेली होती. माझ्या फॉर्मप्रमाणे शाळा बंद करायला हवी होती, आणि रिपोर्ट सोमवारी द्यायचा होता. पण लिहायला हात उचलेना. मी स्वतः चौलजवळच्या अशाच मराठी शाळेत, नन्सच्या हाताखाली शिकले. सारवलेली पडवी, पाटीवरचं ओलं फडकं, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की पाठीत धपाटा. ते दिवस आठवले की अजून गलबलून येतं. म्हणून आगरदांड्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडून मी स्वतःच आले.

सिस्टर लुसी इथल्या मुख्याध्यापिका. पुढच्या वर्षी रिटायर होणार होत्या. त्यांनी सरळच विचारलं, "माझ्यामागे शाळेला कुलूप लागणार का?"

मी तो शून्यांचा फॉर्म पुन्हा चाळायला घेतला.

तेवढ्यात दारात एक वयस्क कोळीण आली. पदराखाली बाळ, हातात शिऱ्याचा डबा.

"शिस्टर, माझे सुनेला पोरगी झायली. नाव लिवा."

सिस्टरनी कपाटातून एक जुना कॅटलॉग, म्हणजे हजेरीपट, काढला. त्यात बाळाचं नाव, आईचं नाव, तारीख लिहिली. मग बाळाला घेऊन त्या सगळ्या वर्गांतून हिंडून आल्या.

"हे काय, सिस्टर?"

"इथली रीत. कोळ्यांकडे बारसं झालं, मुसलमानांकडे चाळीस दिवस झाले, की बाळ शाळेत आणून दाखवतात. पहिलीतली जागा धरायला. माझ्या आधीच्या सिस्टरपासून चालत आलंय."

"मग फॉर्मात का नाही लिहिलंत?"

"तुम्ही कुठे विचारलंत?"

मी ती वही उघडली. फातिमा, हर्षदा, जुबेर, मयूरी. शाळेत आलेल्या प्रत्येक नावापुढे बरोबरची खूण. न आलेल्यांपुढे 'मुंबई', 'कुवेत', 'इंग्लिश मीडियम'. बऱ्याच नावांखाली बारीक अक्षरात 'आई इथलीच', म्हणजे तीही याच शाळेत शिकलेली. आम्ही कॉम्प्युटरवर करायचो ते या बाईंनी पेन्सिलीने करून ठेवलं होतं, आणि माझ्यापेक्षा चांगलं. मी दुपारभर मोजत बसले. पहिलीचा वर्ग पुढची सहा वर्षं तरी रिकामा राहणार नव्हता.

शाळांचा निर्णय ज्यांच्या हातात, त्या आमच्या ऑफिसातल्या फादरना फोन लावला.

"फादर, शाळा चालेल."

"अहो, पण त्यात ख्रिस्ती मुलं किती?"

"एकही नाही."

"मग तिला ख्रिस्ती शाळा कशाला म्हणायचं?"

मी फोन सिस्टरच्या हातात दिला.

"फादर," त्या म्हणाल्या, "गावात बाळ झालं की लोक आपापल्या देवाला सांगतात, आणि मग आपल्याला सांगायला येतात. एवढा विश्वास टाकलाय त्यांनी. आता आपणच नाही म्हणायचं?"

पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. मग फादर म्हणाले, "बाईंना सांगा, प्लॅन पाठवा."

शाळा चालू राहिली. सिस्टर लुसी रिटायर झाल्या, तेव्हा नव्या सिस्टरना चार्ज देताना चाव्यांच्या आधी ती वही दिली म्हणे. ते ऐकून मी ऑफिसात एकटीच रडले. इतकी वर्षं प्लॅन करत होते, त्यात रडण्यासारखं कधी काही सापडलं नव्हतं.

फॉर्म मात्र मी बदलला. बाप्तिस्म्यांचा रकाना काढला आणि नवा प्रश्न घातला: गावात बाळ झालं, तर शाळेला कोण येऊन सांगतं? पहिल्याच वर्षी चार शाळांनी तो कोरा ठेवला. त्यांतल्या दोन शाळांचे वर्ग तुडुंब भरलेले होते. तरी बाळ झाल्याचं सांगायला तिथे कोणी येत नव्हतं, म्हणून मी सगळ्यात आधी त्यांच्याकडेच गेले.