बंडीभर सांबार

पुण्याहून वर्ध्याला अर्थशास्त्र शिकवायला आलो, तेव्हा देशाची योजना दिल्लीत आखली जात होती आणि वर्ध्याची माझ्या भाड्याच्या खोलीत.

घरमालकांचं स्टेशनजवळ चहाचं हॉटेल होतं. "मुंबईत लोक इडली-सांबारावर तुटून पडतात, तुम्ही अजून आलूबोंड्यातच!" असं रोज ऐकवून मी त्यांना घोळात घेतलं. नागपूरहून मद्रासी आचारी आला, 'इडली सांबार' अशी पाटी रंगली. पुरवठ्याचं खातं अर्थातच माझ्याकडे.

पिपरीचे एक माळीकाका आम्हाला भाजी घालत. त्यांना मी ऐटीत बजावलं, "दिवाळीनंतर रोज बादल्या भरून सांबार लागणार."

"बादलीनं? येवढा सांबार खाईन कोन जी?"

"खाणारे मी तयार करतो. तुम्ही मागं पडू नका."

"अन् माह्ये वांगे?"

"वांग्यांचा जमाना गेला, काका."

उद्घाटनाच्या दिवशी काकांची बैलबंडी दाराशी उभी राहिली. तीत कोथिंबिरीचा हिरवागार डोंगर.

"हे काय?"

"सांबार! तुमीच त सांगतलं. वांगे उपटून पेरला न."

कोथिंबिरीला इकडे सांबार म्हणतात, हे गावातल्या शेळीलाही ठाऊक होतं.

"अहो, मला ते पातळ हवं होतं..."

"पातळ? तुमी म्हनलं म्हनून त दाट पेरला जी!"

ऊन चढलं. संध्याकाळपर्यंत डोंगर सुकणार आणि त्याबरोबर काकांचा हंगामही. ते बंडीच्या चाकाला टेकून बसले. आत कापूस विकायला आलेले शेतकरी इडली बोटानं दाबून पाहत होते. "हे तापातल्या मानसाले द्याचं," एकानं निकाल दिला. "काही झणझणीत हाये का नाई?"

तेवढ्यात घरमालकीणबाई बाहेर आल्या. "पाहून काय राह्यले गुर्जी? सांबार निवडाले बसा!"

बसलो. त्यांनी बेसनाच्या पातळ पोळीत चिरलेला सांबार, खोबरं, खसखस आणि भरपूर तिखट भरून पुडाच्या वड्या तळल्या. आचारी आधी रुसला, मग एक खाऊन पाहिली आणि झारा हातात घेतला. दिवेलागणीला बंडी रिकामी झाली. उरलेल्या इडल्या गिळण्याचं राष्ट्रीय कर्तव्य माझ्यावर आलं.

पाटीवरची 'इडली' खोडून 'सांबार'पुढे 'वडी' लिहिली गेली. काकांचा सगळा वाफा तिथेच खपला.

पुढच्या हंगामात मी मेथीबद्दल तोंड उघडलं, तर काकांनी हात वर केला.

"थांबा जी. तुमच्या पुन्यात मेथी कायले म्हन्तात, ते आंधी सांगजा."