अंधारातल्या फोटोत माझाच चेहरा

काल शाळेतून चिठ्ठी आली, फोटोग्राफीच्या तासाला पूर्ण काळे कपडे आणि टॉर्च आणा. वर आठवीतली माझी श्रेया म्हणते, "वर्गात अंधार करणार आहेत." अंधारात कसला आलाय फोटो? मंडळी, तुम्ही गप्प बसला असता का? मी आज दुपारी थेट वर्गात जाऊन उभी राहिले.

खिडक्या सोलापुरी चादरींनी झाकलेल्या. फळ्यापाशी कॅमेरा लावून उभे असलेले नवे सर म्हणाले, "ताई, मागं बसा की. फक्त मोबाईल काढू नका." मोबाईल का नको? माझा संशय आणखी वाढला.

दिवे घालवले. सरांनी कॅमेऱ्याचं शटर अर्धा मिनिट उघडं ठेवलं आणि पोरं टॉर्च फिरवत हवेत चित्रं काढू लागली. मला श्रेया दिसेना. मी हळूच मांडीवर मोबाईल सुरू केला आणि त्या उजेडात, जराही न हलता, सरांवर नजर ठेवून बसले. ते कॅमेऱ्यापासून हललेसुद्धा नाहीत.

मग फोटो बघितला. हवेत उजेडाचा मोर, फुलं, एक पतंग. काळ्या कपड्यांतली, सारखी हलणारी पोरं कुठंच नाहीत. कोपऱ्यात मी मात्र स्पष्ट. डोळे बारीक, ओठ आवळलेले.

अख्खा वर्ग हसला. मी म्हटलं, "सर, पुसून टाका तो."

श्रेया म्हणाली, "राहू दे की आई. मी अभ्यासाला बसले की तू दारातून अशीच बघतेस. तुझा चेहरा तुला कधी दिसतच नाही."

फोटो सोबत टाकलाय. खरं सांगा, तुमच्या पोरांना तुमचा कुठला चेहरा दिसतो?